गळतीचा धनी कोण?

(द्वितीय वर्ष बी. ए.)

आमचे अण्णा नळाची कामे करतात. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांना ‘प्लंबर’ असे कोणी म्हणत नाही. ‘नळवाले अण्णा’ म्हणतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. आई शाळेत गेलीच नाही. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी प्रथम चढला तो दादा आणि त्याच्यामागून मी. दादा बी. एस्सी. होऊन सप्टेंबर २०२४ मध्ये एम. एस्सी. करण्यासाठी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरी गेला, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले, मारुतीपुढे नारळ फुटला. त्या दिवशी मला कोणी सांगितले असते की, येत्या वर्षात आपल्या घरी दादाच्या अभ्यासापेक्षा त्याच्या न्हाणीघराच्या गळतीचीच चर्चा जास्त होणार आहे, तर मी हसले असते.

परदेशाबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक, तिकडे सगळे चोख असते. दुसरे, तिकडे सगळे यंत्रासारखे, माणुसकी म्हणून नाही. ही दोन्ही मते बहुधा तिकडे न गेलेल्या माणसांची असतात. मीही गेलेले नाही, हे आधीच कबूल करते. परंतु एका गळक्या टबाच्या निमित्ताने कित्येक महिने रोज रात्री दहाच्या सुमारास त्या घरात माझे जाणे-येणे होते, फोनवरून का होईना. त्यावरून माझे एक मत बनले आहे. भाड्याच्या घरातली दुरुस्ती वाईट होते ती देश वाईट म्हणून नव्हे, किंवा कारागिराला अक्कल नसते म्हणूनही नव्हे. ज्याच्या डोक्यावर पाणी ठिबकते तो कारागिराला पैसे देत नाही, आणि जो पैसे देतो तो त्या छताखाली जेवत नाही. मग कारागीर ऐकणार कोणाचे?

आता ते घर कसे होते ते सांगते. लेस्टर हे एकेकाळी मोजे-बनियन विणण्याचे आणि बूट करण्याचे शहर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे कामगारांसाठी लाल विटांची घरे रांगेने, भिंतीला भिंत लावून बांधली गेली. कारखाने बहुतेक गेले, घरे राहिली. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या आणि चाळी मागे उरल्या, त्यातलाच प्रकार. त्यांतल्या बऱ्याच घरांत आता विद्यार्थी राहतात. दादाच्या घरात पाच मुले होती : दोन मराठी, दोन तेलुगू आणि एक नायजेरियाचा. खाली स्वयंपाकघर आणि संडास, वर न्हाणीघर. एका खोलीचे भाडे महिना ४५० पौंड, अनामत ५०० पौंड. शिवाय, इंग्लंडमध्ये राहणारा कोणी जामीन नाही म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे भाडे आगाऊ. हे पैसे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेले होते. ते भरले त्या रात्री अण्णा बराच वेळ अंगणात बसून होते.

गळती सुरू झाली नोव्हेंबरात. स्वयंपाकघराच्या छताला गॅसच्या बरोबर वर चहाच्या रंगाचा एक डाग दिसू लागला. वर तिथेच टब. दादाने घरमालकाच्या एजंटला फोन केला. बारा दिवसांनी एक माणूस आला. रात्रपाळीहून येऊन दादा झोपला होता, त्याला उठवून त्याने टब आणि भिंत यांच्या सांध्यावर नळीतून पांढरे सिलिकॉन ओढले. जुने सिलिकॉन काळे पडले होते, ते खरवडलेसुद्धा नाही, वरूनच नवे. वीस मिनिटांत काम झाले. मोबाईलवर फोटो काढून तो निघून गेला. आठवड्याच्या आत डाग ताटाएवढा झाला. मग दुसरा माणूस आला. त्याने वर जाऊन पाहिलेच नाही. डागावर पांढरा रंग मारला आणि गेला. एजंटचे पत्र आले की काम पूर्ण झाले आहे; यापुढे खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ओले कपडे घरात वाळवू नयेत आणि स्वयंपाक झाकण ठेवून करावा.

हे पत्र दादाने वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, “म्हंजे भाताच्या वाफंनं वरचा टब गळतुया व्हय?” आमच्या घरात त्या पत्रावर झालेली ही सर्वांत चांगली टीका.

पण खरे बोलायचे तर सुरुवातीला थोडी चूक मुलांचीही होती. तिकडच्या न्हाणीघराला आपल्या मोरीसारखा उतार नसतो, जमिनीत जाळी नसते. पाणी टबातच पडले पाहिजे. त्यांच्यातल्या एकाला टबात उभे राहून अंघोळ करणे जमेना. तो बादली-मग घेऊन बाहेर फरशीवर बसायचा आणि नंतर पाणी कापडाने टिपून घ्यायचा. किती टिपणार? खाली स्लॅब नाही, लाकडाच्या फळ्या आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दादाने ते कळल्यावर थांबवले. तरी गळती थांबली नाही. तेव्हा दादाने, जी गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती केली. अण्णांना सांगितले.

त्याने इतके दिवस का सांगितले नव्हते, हे मला नीट माहीत आहे. आपण नळवाल्याचे मूल आहोत ही गोष्ट महाविद्यालयात गेल्यावर थोडी मागे ठेवावीशी वाटते. मलाही वाटायची. अकरावीत वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘स्वयंरोजगार’ असे लिहिले होते.

तो रविवार माझ्या लक्षात आहे. अण्णांनी चष्मा लावला, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि पहिला प्रश्न विचारला, “मेन कॉक कुठं हाय?” पाच पदवीधरांपैकी एकालाही घराचे पाणी मुळात कुठे बंद होते ते ठाऊक नव्हते. शोधाशोध झाली. शेवटी तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली कपाटात, साबणाच्या डब्यांमागे सापडला. अण्णा म्हणाले, आधी हे ठिकाण सगळ्यांनी बघून ठेवा, पाईप फुटला तर आधी एजंटला फोन लावत बसाल. मग दुसरा प्रश्न, “पाणी कवा गळतंय?” कुठून गळते असे नाही विचारले, कधी? मला याचे नवल वाटले. अण्णांचे म्हणणे असे की, गळती कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पाणी फळीवरून चार हात लांब जाऊन मग टपकते. पण वेळ खोटे सांगत नाही. रात्रंदिवस ठिबकत असेल तर दाबाचा पाईप, म्हणजे पाणी आणणारा. अंघोळ चालू असतानाच ठिबकत असेल तर टब आणि भिंतीचा सांधा. आणि टब रिकामा केल्यावर ठिबकत असेल तर पाणी नेणारा, टबाखालचा.

मग त्यांनी एक प्रयोग करायला लावला. टबाचे बूच लावून तो निम्मा भरायचा आणि अर्धा तास काहीही करायचे नाही. खाली एकजण छताकडे बघत उभा. काही नाही. मग बूच काढायचे. एक मिनिटही झाले नसेल, खालून नायजेरियाच्या मुलाची हाक आली. अण्णांनी विडी विझवली (त्यांनी सोडली आहे असे ते आईला सांगतात) आणि म्हणाले, “सिलिकॉनचा काय संबंध हितं?”

टबाच्या बाजूला एक पांढरी पाटी असते, ती चार स्क्रूंवर निघते. दादाने ती काढली, आत बॅटरी मारली आणि फोन धरला. आत जे दिसले ते मी विसरणार नाही. टबाच्या तोंडाखाली प्लॅस्टिकचा वळणाचा पाईप होता, त्यात पाणी साठून राहते आणि गटाराचा वास वर येत नाही. त्याची चाकी आट्यांवर तिरकी बसली होती आणि ती गळू नये म्हणून कोणीतरी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. कागदाचे खोके बंद करतात तसली. पट्टी जुनी, पिवळी पडलेली. म्हणजे हे काम दादाच्या आधीच्या, कदाचित त्याच्याही आधीच्या भाडेकरूच्या वेळचे. खालची फळी काळी आणि मऊ. दादाने बोट लावले तर बोट आत गेले.

दादा म्हणाला, पाना आणतो आणि आवळतो. अण्णांनी आधी मान डोलावली, हाताने आवळल्याची खूणही केली, आणि एकदम म्हणाले, “न्हाय. हात लावू नगं. आता लावलास तर ती फळी तू कुजवलीस म्हणतील.” चाळीस वर्षे लोकांच्या घरात हात घातलेल्या माणसाचे ते शहाणपण होते. त्यांनी फोटो काढायला सांगितले, पाईपाखाली एक पसरट भांडे ठेवायला सांगितले आणि ते रोज रिकामे करायला सांगितले. आणि मला म्हणाले, “तू ह्याला लिहून दे, इंग्रजीतनं.” ते पत्र मी आणि दादाने मिळून लिहिले. डाग कोणत्या तारखेला दिसला, फोन कधी केला, कोण आले, किती वेळ थांबले, काय केले, काय केले नाही, सोबत फोटो. मी त्याला ‘अर्ज’ म्हणत होते. दादाने दुरुस्त केले, ‘नोटीस’.

इथे थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. आपण तोंडी कामे करून घेणारी माणसे. मालकाला रस्त्यात गाठायचे, हसून सांगायचे, परत सांगायचे, त्याच्या सासऱ्यांची ओळख काढायची. लिहून देणे म्हणजे आपल्याकडे भांडणाची सुरुवात. दादाने नोव्हेंबरात तीन फोन केले, त्यांपैकी एकाचाही पुरावा उरला नाही. इंग्लंडचा १९८५ चा घरमालक आणि भाडेकरू कायदा आहे. त्याचे कलम ११ असे सांगते की, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीने दिलेल्या घरात पाण्याची, गॅसची, विजेची जोडणी, सिंक, टब, संडास, पाणी गरम करण्याची सोय, हे सर्व चालू आणि दुरुस्त ठेवणे घरमालकाचे काम. करारात उलट लिहून ती जबाबदारी भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही. इतका स्पष्ट कायदा! पण घराच्या आतल्या बिघाडाबाबत मालकाची जबाबदारी सुरू होते ती त्याला बिघाड कळल्यापासून. कळले हे सिद्ध कसे करणार? फोन हवेत विरतो.

आणि भाडेकरूचे काम काय? याचे उत्तर मला एका खटल्यात सापडले आणि ते मला फार आवडले. १९५३ साली एका मालकाने भिंतीची ओल, कुजलेल्या खिडक्या, गळका बॉयलर यांचा खर्च आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या भाडेकरूकडून मागितला होता. न्यायमूर्ती डेनिंग यांनी अशा भाडेकरूची कर्तव्ये सांगितली, ती एखाद्या समजूतदार सासूने सांगावीत तशी आहेत. आपल्याच खरकट्याने सिंक तुंबला तर तो मोकळा करावा, दिव्याचा फ्यूज गेला तर बसवावा, हिवाळ्यात बाहेरगावी जाताना पाणी बंद करून जावे. मुद्दाम किंवा निष्काळजीपणे नुकसान करू नये. पण वापराने आणि काळाने घर झिजले तर ते त्याचे देणे नाही. मालक तो खटला हरला. या न्यायाने बादली-मगाचे पाणी मुलांच्या पदरात पडते आणि चिकटपट्टी मालकाच्या. मला ही वाटणी मान्य आहे.

मग मुले गप्प का बसतात? दादाच्या ओळखीच्या निम्म्या मुलांनी त्याला सांगितले होते की तक्रार करू नकोस, व्हिसाला अडचण येईल. गळतीची तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. पण अशी भीती घालणारा माणूस दुष्ट नसतो, तो स्वतः भ्यालेला असतो. दुसरी भीती खरी होती. त्या वेळी तिथे कलम २१ म्हणून एक तरतूद होती. कराराची मुदत संपली की मालक कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीने घर रिकामे करायला सांगू शके. तक्रारखोर भाडेकरूला काढायला ती सोयीची. ती रद्द करणारा कायदा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झाला आणि तो अमलात येण्याची तारीख १ मे २०२६ ठरली. दादाच्या उपयोगी तो पडला नाही. तिसरे कारण मला सगळ्यांत खोल वाटते. कर्ज काढून, गल्लीचे पेढे खाऊन गेलेला मुलगा मनात म्हणतो, ‘मी लंडन-लेस्टरला आलोय, आता नळाचे काय रडायचे?’ घरी सांगितले तर आई काळजी करील. मालकाला सांगितले तर तो म्हणेल, तुमच्या देशात काय असते? हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. आपणच स्वतःला विचारतो आणि ओशाळतो.

पण कधी कधी तो विचारलाही जातो, आणि त्याचे काय होते ते सांगते. इंग्लंडमध्येच रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथे अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल डिसेंबर २०२० मध्ये वारले. घरात ओल आणि बुरशी होती. सुदानहून आलेल्या त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, तेव्हा त्यांना त्यावर रंग मारायला सांगण्यात आले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत निष्पन्न झाले की, त्या बुरशीच्या दीर्घ सहवासानेच मूल दगावले. घर देणाऱ्या संस्थेला मान्य करावे लागले की, या कुटुंबाच्या राहणीविषयी आपण काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या. झाकण ठेवून स्वयंपाक करा, हे पत्र मला तेव्हा आठवले, आणि आईच्या विनोदाचे हसू आले नाही. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सामाजिक घरांना तो २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. अतिशय धोक्याच्या बिघाडावर चोवीस तासांत हालचाल झाली पाहिजे. खाजगी मालकांच्या घरांनाही तो लावण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे.

आपल्या गोष्टीकडे वळते. नोटीस गेली, उत्तर आले की आम्ही लक्ष घालू. डिसेंबर गेला. जानेवारीत एका रात्री छताचा परातीएवढा तुकडा गॅसवर पडला. जुन्या घरांची छते लाकडी पट्ट्यांवर चुना लिंपून केलेली असतात; भिजली की जड होतात. गॅसवर त्या वेळी कोणी नव्हते. अर्ध्या तासापूर्वी दादा तिथेच खिचडी करत होता. हे त्याने आईला अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी येईल तेव्हा आईला हा परिच्छेद वाचून दाखवायचा नाही, असे मी ठरवले आहे.

त्यानंतर त्याने नगर परिषदेच्या गृहनिर्माण खात्याला लिहिले. तिकडे घरातल्या धोक्यांची २९ प्रकारांची एक यादी आहे, २००४ च्या कायद्यान्वये केलेली. त्यात पहिलाच धोका ओल आणि बुरशी. शिवाय वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसे एका घरात राहत असतील तर त्या घराला परवाना लागतो, आणि परवाना देणारी नगर परिषदच असते. त्यामुळे तिचे पत्र मालकाला वेगळे ऐकू येते. एक बाई आल्या, त्यांनी भिंतीला यंत्र लावून ओल मोजली, टबाची पाटी काढून पाहिले, चिकटपट्टीचा फोटो काढला. नऊ दिवसांत काम सुरू झाले. त्या पाच मुलांनी अडीच महिने जे सांगितले तेच त्या बाईंनी सांगितले होते. माणूस तोच, मालक तोच, गळती तीच. फक्त सांगणारा बदलला.

या वेळी आलेला कारागीर वयस्क होता. त्याने कुजलेल्या फळ्या कापून नव्या घातल्या, पाईप नवा बसवला. शेवटी सिलिकॉन लावण्याआधी त्याने टब काठोकाठ भरला. दादाने विचारले, हे कशाला? तो म्हणाला, पाण्याने आणि माणसाच्या वजनाने टब खाली बसतो. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावले तर पहिल्याच अंघोळीला सांधा उघडतो. भरून लावायचे, वाळेपर्यंत पाणी सोडायचे नाही. दादाने त्याला विचारून त्याचे चित्रण केले होते. अण्णांनी ते तीन वेळा पाहिले. अण्णांनी आयुष्यात एकही टब बसवलेला नाही. आमच्या गावात टब आहेच कोणाकडे? परंतु पहिल्याच रविवारी जमीन लाकडाची आहे हे कळल्यावर ते म्हणाले होते, “मग टब खाली बसत आसंल की.” तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर ते म्हणाले, “ह्या बाबाला काम येतंय.” एवढेच. पण आमच्याकडे एखाद्याची स्तुती यापेक्षा मोठी होत नाही.

पुढे ऑगस्टमध्ये घर सोडताना मालकाने अनामतीतून छताच्या रंगाचे पैसे मागितले. तिकडे अनामत मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावी लागते आणि वाद झाला तर तिथला पंच कागद पाहून फुकट निर्णय देतो. दादाकडे कागद होते. ४० पौंड गॅस साफ केला नाही म्हणून गेले, ते योग्यच होते. बाकीचे परत आले. पन्नास हजारांच्या आसपास रुपये. अण्णांची दोन-अडीच महिन्यांची कमाई.

खरे म्हणजे लेख इथे संपायला हवा होता, आणि मी तसाच लिहिला होता. पण त्या चित्रणाच्या रात्री अण्णा जे बोलले ते गाळले तर हा लेख खोटा ठरेल.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या बाईंच्या खोलीत आपण काय येगळं केलं?” मे २०२२ मध्ये, दहावीच्या सुट्टीत, मी त्यांच्याबरोबर कामाला जात असे. गावातल्या एका मालकाच्या खोलीत एक शिक्षिका भाड्याने राहत होत्या. मोरीच्या भिंतीतून पाणी पाझरत होते. अण्णांनी ठोकून पाहिले आणि मालकाला सांगितले, आतला एल्बो गेलाय, भिंत फोडावी लागेल. मालक म्हणाले, “वरवर कर रे. बाई जूनला बदलीवर चालल्यात.” अण्णांनी सांध्यावर पांढरे सिमेंट भरले, वरून हात फिरवला, तीनशे रुपये घेतले. बाईंनी आम्हांला चहा दिला आणि विचारले, “झालं ना आता व्यवस्थित?” अण्णा म्हणाले, “झालं.” बॅटरी मी धरली होती.

बाईंची बदली रद्द झाली. त्या आणखी दोन वर्षे त्या खोलीत होत्या. भिंतीच्या पलीकडून त्यांच्या आईची खाट होती, हे आम्हांला नंतर कळले.

मी अण्णांना म्हणाले, तुम्ही काय करणार होतात, पैसे मालक देत होते. हे मी त्यांना बरे वाटावे म्हणून म्हणाले. ते म्हणाले, “लेस्टरवाला बी हेच म्हणत आसंल.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. वीस मिनिटांत सिलिकॉन ओढून गेलेल्या त्या पहिल्या माणसाला मी तीन महिने शिव्या दिल्या होत्या. त्याला किती पैसे मिळाले असतील, दिवसात अशी किती घरे असतील, पाटी उघडायची नाही असे त्याला कोणी सांगितले होते का, हे मी एकदाही विचारले नव्हते. तरी मी त्याला माफ करत नाही. ‘गळती आत आहे, मला उघडू दिले नाही’ एवढे तरी तो सांगू शकला असता. तेवढ्याला पैसे लागत नाहीत. पण गिऱ्हाईक लागते, असे अण्णा म्हणतात.

आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४ : घर राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक. पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही वाजवी वेळेत मालकाने केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वाचून मी हरखले होते. मग आमच्या सरांनी विचारले, बाईंचा करार कोणता होता? अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. तसा राहणारा माणूस या कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो. आमच्या वर्गातली बाहेरगावची सगळी मुले याच कराराने राहतात. कित्येकांकडे तोही नाही. आयईएल्ट्सचे वर्ग आता तालुक्याला निघाले आहेत, व्हिसाचे मार्गदर्शन करणारे तर महाविद्यालयाच्या फाटकातच पत्रके वाटतात. भाड्याचा करार कसा वाचावा हे मात्र परदेशी जाणाऱ्यालाही कोणी शिकवत नाही आणि सोलापुरात खोली घेणाऱ्यालाही नाही.

गेल्या दिवाळीपासून अण्णांनी एक शंभर पानी वही केली आहे. अक्षर माझे. भाड्याच्या घरातले काम असेल तर काय केले, काय करायला हवे होते आणि काय करू दिले नाही, हे त्यात तारखेसह लिहायचे, खाली अण्णांची सही. मध्ये कार्बन घालून एक प्रत मालकाला आणि एक राहणाऱ्याला. पहिल्या महिन्यात दोन मालकांनी ती प्रत हसून खिशात घातली. तिसऱ्याने, म्हणजे बाईंच्या त्याच खोलीच्या मालकाने, ती फाडली आणि आता त्यांच्याकडे स्टँडजवळचा दुसरा प्लंबर जातो. त्यांची सात खोल्यांची चाळ आहे. अण्णांचे वर्षाचे बरेच काम तिथले होते.

वहीची अठरा पाने भरली आहेत.